आठ हजारांच्या पिल्लाचा उरलेला हिशेब

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य प्राणी कल्याण मंडळ

विषय : जातिवंत कुत्र्यांच्या पिल्लांची विक्री, विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक आणि खर्चाची आगाऊ माहिती

महोदय, महोदया,

मी सांगलीत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे लॅब्राडॉरची पिल्लं फार येतात. कुणाच्या मुलाचा दहावीचा निकाल चांगला लागलेला असतो, कुणाची नुकतीच वास्तुशांत झालेली असते. पिल्लू आठ हजारांना घेतलेलं असतं. कधी सात, घासाघीस जमली तर साडेसहा. घरात महिनाभर चर्चा झालेली असते ती या एकाच आकड्याची. पुढच्या अकरा-बारा वर्षांत किती पैसे लागणार हे विकणाऱ्याने सांगितलेलं नसतं, आणि विकणाऱ्याला आठ हजारांत पिल्लू परवडलं कसं, हे विचारायचं घेणाऱ्याला सुचलेलं नसतं. या पत्रात मी दोन्ही हिशेब मांडते आहे, कारण या दोन हिशेबांच्या मधोमध आपलं मंडळ आहे.

आधी विकणाऱ्याचा हिशेब. समजा, एखाद्याने एक लॅब्राडॉर मादी नीट सांभाळली. तिचं वर्षभराचं खाणं, लसी, गोचिडांचं औषध, मधलं आजारपण धरून आजच्या भावाने साठेक हजार रुपये सहज जातात. नराच्या मालकाला क्रॉसिंगचे पैसे द्यावे लागतात किंवा वेतातलं एक पिल्लू द्यावं लागतं; ते दहा हजार धरू. सोनोग्राफी, गाभण काळातला वाढीव खुराक, व्यायल्यानंतरची औषधं मिळून आणखी पाच. झाले पंचाहत्तर. वेतात सात पिल्लं जगली, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेदहा हजारांच्या वर खर्च आला आणि अजून पिल्लाच्या तोंडात एक घासही गेलेला नाही. आठ आठवडे सांभाळायचं म्हणजे चौथ्या आठवड्यापासून त्याला वेगळं खाणं द्यायचं, दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध द्यायचं, लस टोचायची, कातडीखाली ओळख क्रमांकाची मायक्रोचिप बसवायची. यात आणखी तीन-चार हजार जातात. म्हणजे नफ्याचा एक रुपयाही न धरता, एखादं पिल्लू दगावण्याची किंवा सिझेरियन करावं लागण्याची शक्यता बाजूला ठेवून, पिल्लू चौदा-साडेचौदा हजारांना पडतं.

मग बाजारात ते सात-आठ हजारांना कसं मिळतं? काहीतरी वगळल्याशिवाय मिळूच शकत नाही. सगळ्यात आधी वगळली जाते ती मादीची विश्रांती. ती वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. दोन्ही वेळा लावली की तिच्या पोटापाण्याचा खर्च सातऐवजी चौदा पिल्लांत वाटला जातो. त्यानंतर वगळले जातात पिल्लाचे शेवटचे तीन आठवडे. पस्तिसाव्या दिवशी ते गिऱ्हाइकाच्या हातात दिलं की खाणंही वाचतं आणि लसही. चिपचा तर प्रश्नच येत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला स्वस्तात मिळालं. खरं तर विकणाऱ्याने न केलेला खर्च पिल्लाबरोबर गिऱ्हाइकाच्याच घरी आलेला असतो.

यातली प्रत्येक गोष्ट नियमाने बंद आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखाली केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम काढले. पैदास करणाऱ्याने राज्य मंडळाकडे नोंदणी करायची, ती दर दोन वर्षांनी नव्याने करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकण्याआधी लस आणि मायक्रोचिप झालेली हवी. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय लावायची नाही, आठ वर्षांनंतर लावायची नाही, बारा महिन्यांत एकाहून अधिक वेत घ्यायचं नाही आणि तिच्या आयुष्यात पाचाच्या वर वेतं घ्यायची नाहीत. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही वेगळे नियम आले. नियम चांगले आहेत. ज्याने कुणी लिहिले त्याला विणाऱ्या कुत्रीचं दुःख माहीत होतं, असं ते वाचताना मला वाटत आलं आहे.

आता आमच्याकडचा रिवाज पाहा. आमच्या भागात भाव ठरतो तोच 'पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू' म्हणून. पंचेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. म्हणजे विकणारा स्वतःच्या तोंडाने नियम मोडल्याचं सांगतो आणि घेणाऱ्याला ते कळत नाही. प्रत्यक्षात पिल्लाच्या तोंडात बोट घालून दात पाहिले की ते पंचेचाळीसचंही नसतं. अशी पिल्लं रात्रीच्या खाजगी बसने पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात, सकाळी ड्रायव्हर फोन करतो, 'पार्सल घेऊन जा'. वाटेत पाणी नाही, उबारा नाही, आई नाही. घरी आल्यावर त्याला दुधात कालवून सेरेलॅक देतात, कारण विकणाऱ्याने तेवढंच सांगितलेलं असतं. त्याने जुलाब होतात. आणि जुलाब नुसत्या सेरेलॅकचे असले तर नशीबच म्हणायचं.

पार्वो या उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य रोगाबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण माझ्या दवाखान्यात सगळ्यात जास्त रडू याच रोगाने आणलं आहे. पिल्लाला जन्मानंतर पहिल्या दिवसाच्या चिकातून आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू ओसरते. कुणाची सहाव्या आठवड्यात, कुणाची बाराव्या, कुणाची त्याहून उशिरा. ती जास्त असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि लस लागू पडण्याइतकी कमी होण्याच्या आधीच ती विषाणूला अडवण्यापुरती उरलेली नसते. म्हणून तर सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा लस द्यावी लागते. हाच नाजूक काळ चालू असतो, तेव्हा आपण पिल्लू आईपासून तोडतो, प्रवास घडवतो, खाणं बदलतो आणि नव्या घरी नेतो. संसर्ग झाल्यापासून साधारण तीन ते सात दिवस पिल्लू बरं दिसतं. म्हणजे लागण विकणाऱ्याकडे होते आणि उलट्या, रक्ताचे जुलाब घेणाऱ्याकडे सुरू होतात. फोन केला की उत्तर ठरलेलं, 'आमच्याकडं चांगलं खेळत होतं, तुमच्याकडं आल्यावर काय खायला घातलंत?'

मग सलाईन, उलटीची इंजेक्शनं, अँटिबायोटिक. पाच-सात दिवस रोज दोन वेळा यावं लागतं किंवा ठेवून घ्यावं लागतं. आमच्याकडे याचा खर्च दहा-पंधरा हजारांवर जातो, पुण्या-मुंबईत त्याहून बराच जास्त. आठ हजारांच्या पिल्लावर पंधरा हजार खर्च करायचे का, असा प्रश्न बाप माझ्यासमोर बसून विचारतो, आणि शेजारी त्याची मुलगी उभी असते. त्या माणसाला मी निर्दय म्हणू शकत नाही. पगार पंचवीस-तीस हजार, घराचा हप्ता चालू, आणि हा खर्च येऊ शकतो असं त्याला कुणी एका शब्दाने सांगितलेलं नव्हतं. पिल्लू गेल्यावरही विषाणू फरशीच्या फटीत, अंथरुणात, अंगणातल्या मातीत महिनोन् महिने टिकतो. मुलं रडतात म्हणून पंधरा दिवसांनी दुसरं पिल्लू आणलं जातं. ब्लीचने घर धुवा, आणि पूर्ण लसी झाल्याशिवाय नवीन पिल्लू आणू नका, हे सांगायला विकणारा तिथे नसतो. दुसरं पिल्लू विकायला मात्र असतो.

महागडं पिल्लू म्हणजे चांगलं पिल्लू, असा याचा अर्थ कुणी काढू नये. 'विथ पेपर' आणि 'विदाउट पेपर' हे दोन भाव सगळ्यांना पाठ असतात. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद पिल्लाच्या आईबापाची, आजीआजोबांची नावं सांगतो. कुळाची नोंद म्हणून त्याला किंमत आहेच. पण आईच्या खुब्याचा एक्स-रे काढला होता का, बापाच्या डोळ्यांत काही दोष होता का, यातलं तो कागद काही सांगत नाही. 'हेवी बोन' (जाड हाड), 'चॅम्पियन लाइन', 'पंच फेस' (चपटं तोंड) या शब्दांवर भाव वाढतो आणि बऱ्याचदा आजारही याच शब्दांवर वाढतो. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक आहे. वजनदार दिसावं म्हणून वाढवलेल्या, भरपूर खायला घातलेल्या पिल्लात तो लवकर बोलतो. दीड-दोन वर्षांचं कुत्रं बसलेलं उठताना कण्हायला लागलं की मी त्या घरच्यांना शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्याला पाठवते. शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून त्यातले किती जण तिथवर पोचतात, हे मी इथे लिहीत नाही.

चपट्या तोंडाची कुत्री तर त्याहून हाल काढतात. २००३ च्या सुमारास हच मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग दिसला आणि त्यानंतर गल्लोगल्ली पग आले. आता ती जागा फ्रेंच बुलडॉगने घेतली आहे, तेही पगाच्या कितीतरी पट किमतीला. नाकपुड्या अरुंद, टाळू लांब, श्वास घोरत घोरत घ्यायचा. कुत्रं अंगाने घामेजून थंड होत नाही, ते धापा टाकून थंड होतं; ज्याला नीट धापच टाकता येत नाही त्याने एप्रिल-मेमध्ये काय करायचं? फ्रेंच बुलडॉगच्या बहुतेक माद्यांना तर सिझेरियनशिवाय विताच येत नाही. सायबेरियन हस्कीचा कोट बर्फासाठी आहे. चाळीस अंशांत ते कुत्रं जगवायचं तर चोवीस तास एसी लावावा लागतो आणि त्या बिलाचा उल्लेख कुठल्याही जाहिरातीत नसतो. सीमेपलीकडे कर्नाटकातल्या मुधोळला आणि अलीकडे आमच्या भागात कारवानी, म्हणजेच मुधोळ जातीची कुत्री आहेत. बारीक केस, लांब पाय, इथल्या उन्हाची सवय. मला ती फार आवडतात. पण त्यांना पळायला माळ लागतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये मुधोळ बांधून ठेवणं हाही छळच, आणि त्यांचं नाव होऊ लागल्यापासून तोही छळ मला दिसू लागला आहे.

आता घेणाऱ्याचा हिशेब. तीस किलोच्या लॅब्राडॉरला दिवसाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास कोरडं खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला दहा-अकरा किलो. बऱ्यापैकी प्रतीचं घेतलं तर चार हजार रुपये. घरचं चिकन, अंडी, भात, भाकरी घातली तरी अडीच-तीन हजारांच्या खाली येत नाही, आणि नुसत्या दूध-चपातीवर ठेवलं तर वाचलेले पैसे पुढे औषधाला जातात. पहिल्या वर्षी लसी आणि जंताची औषधं पाचेक हजार, नसबंदी आठ-दहा हजार, पट्टा, भांडी, अंथरूण वेगळं. पहिलं वर्ष साठ हजारांच्या आसपास जातं. नंतर दरवर्षी रेबीजची आणि इतर लस, गोचिडांचं औषध बारा महिने, कारण आमच्याकडे गोचीड तापाने दरवर्षी कुत्री मरतात. लॅब्राडॉरचे कान वाहतात, कातडी चिघळते. त्याचे म्हणून पाच हजार धरायचेच. गावाला जायचं तर बोर्डिंगचे दिवसाला पाचशे ते हजार. सांगलीसारख्या शहरात, आजच्या भावाने, मोठं आजारपण न धरता, एका लॅब्राडॉरच्या आयुष्याला सहा-सात लाख रुपये लागतात. त्यात आठ हजारांचं पिल्लू कुठल्या कुठे दिसेनासं होतं.

गरिबाने कुत्रं पाळू नये, असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझ्याकडे येणारी काही सर्वांत निगुतीने ठेवलेली कुत्री हमाल, भाजीवाले, ऊसतोड मजूर यांची आहेत, आणि ती बहुतेक देशी आहेत. गल्लीतलं पिल्लू उचललं तर किंमत शून्य, आकार लहान, खाणं निम्मं, कातडी टिकाऊ. लसी त्यालाही लागतात, नसबंदी त्याचीही करायची असते. पण आपण काय स्वीकारतो आहोत हे त्या घराला पहिल्या दिवसापासून दिसत असतं. मला राग आहे तो खर्च लपवून विकण्याचा. खर्च अचानक अंगावर आला की आधी लस चुकते. वार्षिक बूस्टर 'पुढच्या महिन्यात देऊ' म्हणून राहतं, आणि रेबीजच्या बाबतीत हा पुढचा महिना शेजारच्या पोरालाही महागात पडू शकतो. मग फिरवणं बंद होतं, कुत्रं गच्चीवर बांधलं जातं. शेवटी 'एका ओळखीच्यांच्या फार्महाऊसवर दिलंय' असं मला सांगतात. हायवेच्या ढाब्यापाशी गळ्यात पट्ट्याचा वळ असलेला लॅब्राडॉर मी पाहिलेला आहे. दर येणाऱ्या गाडीकडे तो उठून जात होता.

आणि माद्या. त्यांच्याविषयी कुणीच काही विचारत नाही, कारण पिल्लू घ्यायला जाणाऱ्याला त्या दाखवल्याच जात नाहीत. वेतामागून वेत घेऊन थानं लोंबलेली, हाडं वर आलेली, सहा-सात वर्षांची कुत्री दूध आटल्यावर एका रात्री कुठेतरी सोडली जाते. गर्भाशयात पू झालेल्या अवस्थेत अशा माद्या मला प्राणिमित्र पोरं आणून देतात. तिच्या अंगात चिप नसते, त्यामुळे ती कुणाची हे सांगता येत नाही. चिप बसवण्याचा नियम पिल्लाच्या मालकासाठी जितका आहे तितकाच तो या आईसाठी आहे, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला आजही दहा ते पन्नास रुपये दंड आहे. १९६० साली तो ठरला तेव्हा पन्नास रुपयांना काही वजन असेल. तो वाढवणं संसदेच्या हातात आहे, आपल्या नाही. पण नोंदणी आपल्या हातात आहे, आणि माझ्या मते खरी ताकद तिथेच आहे.

म्हणून माझं मागणं असं आहे. पैदास करणाऱ्या नोंदणीकृत लोकांची जिल्हावार यादी, नोंदणी कधी संपते त्या तारखेसकट, मराठीत आणि मोबाइलवर सहज उघडेल अशी ठेवा. माझ्याकडे पिल्लू घेऊन येणाऱ्यांना मी विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक विचारते, तेव्हा असा काही क्रमांक असतो हेच त्यांना ठाऊक नसतं. पिल्लाच्या प्रत्येक जाहिरातीत, मग ती वर्तमानपत्रात असो, इन्स्टाग्रामवर असो की व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, तो क्रमांक असलाच पाहिजे असा आदेश काढा आणि जाहिराती छापणाऱ्यांना, दाखवणाऱ्यांना तो पाठवा. क्रमांक नसेल तर पिल्लू घेऊ नका, हे एक वाक्य एसटी स्टँडवर लावलंत तरी फरक पडेल. लसीच्या कार्डावर नुसता स्टिकर चिकटवलेला चालणार नाही, लस देणाऱ्या पशुवैद्याचं नाव आणि नागपूरच्या राज्य पशुवैद्यक परिषदेचा त्याचा नोंदणी क्रमांक हवा, हेही त्याच आदेशात घाला. कोरी कार्डं सही करून देणारे आमच्यातही आहेत. त्यांना वाचवण्याची मला अजिबात इच्छा नाही.

आणि एक पानाचा खर्चाचा कागद. पिल्लू हातात देण्याआधी विक्रेत्याने तो घेणाऱ्याला वाचून दाखवायचा आणि दोघांनी सही करायची. त्यात या जातीचं मोठं कुत्रं किती किलोचं होतं, महिन्याला खायला साधारण किती लागतं, पहिल्या वर्षी कोणत्या लसी कधी, नसबंदीचा खर्च किती, या जातीत कोणते आजार जास्त दिसतात, ते किती वर्षं जगतं आणि सांभाळणं जमलं नाही तर विक्रेता ते परत घेणार की नाही, एवढंच लिहायचं. आकडे जिल्ह्याजिल्ह्यात वेगळे असतील. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीने वर्षातून एकदा ते ठरवून द्यावेत. कुणी म्हणेल की असा कागद वाचून लोक पिल्लं घ्यायची थांबतील. काही थांबतील. त्यातले काही देशी पिल्लू घेतील, काही दोन वर्षं थांबून घेतील. आणि जो पैदास करणारा मादीला वर्षाची विश्रांती देतो, आठ आठवडे पिल्लं सांभाळतो, त्याचा अठरा-वीस हजारांचा भाव का आहे हे गिऱ्हाइकाला पहिल्यांदा कळेल. असे लोक आहेत. माझ्या ओळखीत आहेत, आणि आज बाजारात तेच मार खातात.

तपासणीला माणसं कमी आहेत, हे मला माहीत आहे. जिल्ह्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना गाई-म्हशींच्या लसीकरणातून सवड मिळत नाही, त्यात त्यांचा काही दोष नाही. तेव्हा खाजगी दवाखाने चालवणाऱ्या आम्हा पशुवैद्यांना हे काम सोपवा. भत्त्याची अपेक्षा नाही, फक्त अधिकाराचं पत्र द्या, म्हणजे दारात गेल्यावर कुणी हाकलून देणार नाही. चिप वाचायचं यंत्र माझ्याकडे आहे, आठवड्यातला एक दिवस मी देईन. सांगली जिल्ह्याच्या यादीत माझं नाव लिहून घ्यावं, ही विनंती.

आपली,
सांगलीतील एक पशुवैद्यक